गावच्या मंडळाच्या साइटसाठी वर्डप्रेस, ड्रुपल की गुगल साइट्स?

गोव्यातल्या डिचोलीतलं मंडळ, दहा-बारा स्वयंसेवक, पगारी कोणी नाही, चवथ-शिगम्याचे कार्यक्रम, भरपूर फोटो आणि मजकूर मराठी-कोंकणी दोन्हींत, एवढं तुम्ही सांगितलंय. साइट बांधायच्या या तीन साधनांपैकी मी वर्डप्रेसच घ्या म्हणेन. ते सगळ्यांत सरस आहे म्हणून नव्हे. आज साइट बघणारा मुलगा उद्या बोटीवर लागला किंवा आखातात गेला, तर वर्डप्रेस येणारं दुसरं कोणीतरी साखळी-म्हापशात सापडतं. ड्रुपलवाला शोधत फिरावं लागेल. त्यात ड्रुपल ७ या जुन्या आवृत्तीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, ५ जानेवारी २०२५ ला संपला आणि तिथून पुढच्या आवृत्तीवर जायचं म्हणजे साइट जवळजवळ नव्यानेच बांधायची. हौशी मंडळाने त्या फंदात पडू नये.

वर्षाला चार पानंच बदलणार असतील, तर गुगल साइट्स पुरे. फुकट आहे, बिघडत नाही. पण तारखेवार बातम्यांची यादी ती आपोआप लावत नाही, आणि पुढे दुसरीकडे जायचं झालं तर सगळं हाताने उचलावं लागतं.

वर्डप्रेस म्हणजे स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) बसवायचं ते, फुकट जाहिरातीवालं नव्हे. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, मंडळाच्या ईमेलवर घ्या आणि त्या ईमेलचा पासवर्ड दोघांकडे ठेवा. कोणा एकाच्या खासगी खात्यावर घेतलेलं डोमेन हेच मंडळांच्या साइट बंद पडण्याचं मोठं कारण. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. जमलं तर एकदम पाच वर्षांचे पैसे भरा. दर वर्षी खजिनदाराला आठवण करत बसायला नको.

आता देवनागरीची भानगड. लेखाचं शीर्षक मराठीत दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच त्या पानाचा वेबपत्ता बनवतं, आणि पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्ह नऊ रोमन खुणांचं होतं. मर्यादा २०० खुणांची, म्हणजे मात्रा धरून बावीसेक चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. व्हॉट्सॲपवर तो टक्क्यांच्या खुणांचा साप होऊन जातो. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी ‘स्लग’च्या (पत्त्याच्या शेवटच्या भागाच्या) चौकटीत रोमन अक्षरांत छोटं नाव द्या: ‘shigmo-2026’ एवढंच. थीम, म्हणजे साइटची तयार मांडणी, निवडताना मराठी परिच्छेद टाकून बघा. शीर्षकांत अक्षरांमधलं अंतर वाढवलेली थीम असेल तर शिरोरेषा तुटते, आणि ओळी दाटीवाटीने असल्या तर वरचे रफार-वेलांट्या छाटल्या जातात. जुन्या डीटीपी फाँटमधल्या पत्रिका तशाच चिकटवल्या तर निव्वळ कचरा दिसतो, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. दोन भाषांसाठी पॉलीलँग हे प्लगिन (वर्डप्रेसला जोडायची पुरवणी) पुरतं.

फोटोंचं मात्र मनावर घ्या. मोबाइलचा मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ आणि २५६० पिक्सेलच्या प्रती काढतं. मूळ धरून आठ फायली झाल्या, थीमच्या स्वतःच्या मापांच्या प्रती आणखी वेगळ्या. एका जत्रेचे ३०० फोटो म्हणजे २,४०० फायली. स्वस्त होस्टिंगवर जागा शिल्लक असूनही फायलींच्या संख्येची मर्यादा संपते आणि काही चढेनासं होतं. प्रत्येक कार्यक्रमाचे निवडक २० फोटो, रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत कमी करून टाका. बाकीचे ड्राइव्हवर ठेवून दुवा द्या. काही होस्टिंगवर चढवायची मर्यादाच २ एमबी असते, तिथे मूळ फोटो तसाही जाणार नाही.

लिहिणाऱ्यांना ‘ऑथर’ ही भूमिका द्या. ‘काँट्रिब्युटर’ला फोटो चढवता येत नाही, मग तो बिचारा वैतागून ॲडमिनचाच पासवर्ड मागतो. ॲडमिन दोनच असावेत, एक सचिव, एक तांत्रिक. प्लगिनं सहाच्या वर नेऊ नका आणि ज्याला वर्षभर अपडेट नाही ते घेऊ नका. साइट हॅक होते ती बहुतेकदा अशाच जुन्या प्लगिनमधून. प्रतिक्रिया सुरुवातीलाच बंद करा, नाहीतर स्पॅम निवडत बसाल.

बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस हे प्लगिन लावून दर आठवड्याची प्रत मंडळाच्या गुगल ड्राइव्हवर पाठवा. त्याच होस्टिंगवर ठेवलेली प्रत होस्टिंगबरोबरच जाते. चवथीच्या महिनाभर आधी ती प्रत चाचणीच्या सबडोमेनवर पूर्ण उभी करून बघा. फोटो दिसतात का, मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं तर नाहीत ना, एवढं तपासा. प्रश्नचिन्हं आली, तर डेटाबेस ‘यूटीएफ८एमबी४’ (utf8mb4) या अक्षरं साठवायच्या पद्धतीवर आहे का ते होस्टिंगवाल्याला विचारा.