करवीर तालुक्यातल्या झेडपी शाळेत मुलगी तिसरीत आहे, तिला कमी ऐकू येतं. सरकारी मदत मिळते का?

मिळते ताई, नक्की मिळते. पण शाळेत नुसतं तोंडी सांगून थांबू नका.

आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि तपासणीसाठी कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहेच. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ६ ते १८ वर्षांपर्यंतचं शिक्षण मोफत मिळणं हा तिचा हक्क आहे. कुणाची मेहरबानी नव्हे, हे मनात पक्कं ठेवा.

शाळेतली मदत येते ती समग्र शिक्षा योजनेतून. त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के पैसे असतात. अशा मुलांसाठी दरवर्षी प्रत्येकी ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. साधनं, विशेष शिक्षक वगैरे त्यातूनच. मुलींना वेगळा भत्ताही आहे, महिना २०० रुपये, १० महिने. श्रवणयंत्रासाठी मुख्याध्यापकांमार्फत गट साधन केंद्रात (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

अजून एक, जे गावात फारसं कुणी सांगत नाही: ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा. श्रवणयंत्राला मात्र उशीर करू नका, हीच भाषा पक्की व्हायची वर्षं आहेत.