फोन मी विकत घेतला, मग स्क्रीन बदलल्यावर तो तक्रार का करतो?

स्क्रीन कंपनीच्या सेंटरऐवजी बाहेरच्या दुकानात बदलली, तीही कंपनीचीच ओरिजनल, तरी फोन ‘अनोळखी भाग’ म्हणतो. मग फोन माझा की कंपनीचा, असं तुम्ही विचारलंय.

काच, बॅटरी, बोर्ड तुमचं. आतलं सॉफ्टवेअर मात्र तुम्ही विकत घेतलेलं नाही. सुरुवातीला ‘मान्य आहे’ दाबलंत तेव्हा ते वापरायचा परवाना मिळाला, एवढंच. पण त्या परवान्याच्या जोरावर कंपनीने माझ्या वस्तूवर हुकूम चालवावा, हे मला मुळीच पटत नाही.

मालवणात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. इथल्या खाऱ्या हवेत चार्जिंग पिन हिरवी पडते, पावसात बोर्ड जातात, त्यामुळे सुटे भाग बदलणं रोजचंच. एकाच मॉडेलचे दोन फोन, एकाचा बोर्ड गेलेला, दुसऱ्याची काच फुटलेली; पहिल्याचा कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून असलेला अख्खा भाग, काढून दुसऱ्याला लावला की पूर्वी गिऱ्हाईक खूश होऊन घरी जायचं. आता बऱ्याच महागड्या फोनमध्ये कॉम्बोच्या पट्टीवर बारकी आयसी, म्हणजे चिप, असते आणि तिचा नंबर बोर्डाशी जुळवलेला असतो. नंबर चुकला की संदेश येतो, नाहीतर एखादी सोय बंद पडते. मग मायक्रोस्कोपखाली फुटक्या कॉम्बोची आयसी हॉट एअरने उचलायची आणि नव्यावर बसवायची. तांदळाच्या दाण्याहून लहान वस्तू, जरा जास्त तापली की संपली. एवढा खटाटोप एका नंबरासाठी.

२०२१ मध्ये आयफोन १३ ची स्क्रीन बाहेर बदलली की फेस आयडी, म्हणजे चेहरा बघून फोन उघडणं, बंद पडायचं. ओरड झाली, ॲपलने अपडेट दिलं आणि ते चालू राहू लागलं. अडवणूक सॉफ्टवेअरची होती, ती सॉफ्टवेअरनेच सुटली.

चोरीच्या फोनचे भाग विकले जाऊ नयेत, हे कंपन्यांचं म्हणणं रास्त आहे. मग चोरीची नोंद असलेल्या फोनचेच भाग अडवा ना! सरसकट सगळ्यांना कशाला?

अमेरिकेतल्या ओरेगनने २०२४ मध्ये अशा नंबर-जुळणीविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलं. कंपन्यांवर सक्ती मात्र नाही. ती व्हायलाच हवी.

तुमच्यापुरतं सांगायचं तर टच आणि ब्राइटनेस नीट असेल तर त्या संदेशाने काही बिघडत नाही. फक्त दुकानदाराकडून जुना कॉम्बो आजच परत मागून घ्या. काच फुटली तरी त्यावरची आयसी बहुतेक वेळा शाबूत असते, पुढे नव्या कॉम्बोवर बसवायला तीच लागते.