दुसऱ्या लग्नाचा विचार आला म्हणजे मी त्यांना विसरले का?

तरुणपणी नवरा गेलेल्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न विचारतात, पण फार उशिरा. आधी झोप लागत नाही, डोकं दुखतं, एवढंच सांगतात. सातारा जिल्ह्यातल्या अशाच एका मुलीची हकिगत तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून सांगते.

तिचा नवरा जुलै १९९९ मध्ये कारगिल युद्धात द्रासला कामी आला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि प्रत्यक्ष संसार काय तो त्याच्या सुट्ट्यांपुरता. बाकीचा सगळा पत्रांतून, ५६ एपीओ या लष्करी टपालाच्या पत्त्यावर चाललेला. तिरंग्यात लपेटून तो गावी आला, अंत्यसंस्कार झाले आणि त्यानंतर त्याचं शेवटचं पत्र पोचलं. लढाईबद्दल अवाक्षर नाही. शिलाई मशीनचा पट्टा सैल झालाय, माझी वाट बघू नकोस, बदलून घे, असं लिहिलेलं. तिने पट्टा बदललाच नाही. मशीनवर चादर टाकली ती तशीच.

माझ्याकडे आली तेव्हा ती डी.एड. करत होती. म्हणाली, "दर २६ जानेवारीला मला स्टेजवर बसवतात, साडी-नारळ देतात. तिथं हसले तर बायका बघतात. आता घरीसुद्धा हसायची भीती वाटते." वीरपत्नी हा मान खरा आहे, पण विशी-बाविशीतल्या पोरीकडून गावाने तो चोवीस तास मिरवून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बऱ्याच भेटींनंतर ती मोकळी झाली. ओळखीतल्या एका शिक्षकाने तिला लग्नाचं विचारलं होतं आणि तिलाही तो आवडत होता. घरचे मात्र दिराशी लग्न कर म्हणून मागे लागलेले. दिराला तर ती धाकटा भाऊ मानायची.

दुःखातला माणूस कधी गेलेल्याकडे ओढला जातो, कधी पुढच्या जगण्याकडे. ही ये-जा निरोगीच असते, असं उट्रेख्ट विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्येच मांडलं होतं. मी तिला साध्या शब्दांत सांगितलं, की त्याच्या आठवणीने रडणं आणि दुसऱ्या कुणाची वाट बघणं एकाच दिवशी होऊ शकतं. मग त्या पत्राला उत्तर लिहायला सांगितलं. पुढच्या वेळी तिने ते वाचून दाखवलं. "पट्टा अजून बदलला नाही, रागावू नका," इथून सुरुवात होती आणि शेवटी त्या शिक्षकाबद्दल सगळं लिहिलं होतं. वाचताना ती हमसून रडली. स्टेजवर इतकी वर्षं अडवून धरलेलं ते रडणं होतं.

सासऱ्यांनाही बोलावलं. स्वतः माजी सैनिक. म्हणाले, "पोरीला अडवायचं न्हाई मला. पन भाईर लगीन केलं तर पेन्शन बंद हुती म्हंत्यात." दिराशी लग्न कर या आग्रहाचं मूळ हे होतं. त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठवलं. युद्धात कामी आलेल्या जवानाच्या मूलबाळ नसलेल्या पत्नीने पुनर्विवाह केला तरी उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहतं, हे तिथे त्यांना कळलं. नंतर लग्नाची बोलणी त्यांनीच केली.

शौर्यपदकाच्या भत्त्यासाठी मात्र अविवाहित राहण्याची किंवा दिराशीच लग्न करण्याची अट बरीच वर्षं होती. तीही नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली आहे. मुलं असतील तर त्यांच्या सांभाळाबाबतचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे "लग्न केलंस तर सगळं जाईल" असं कुणी सांगितलं, तर नवऱ्याची सेवेची कागदपत्रं आणि पेन्शनचा आदेश घेऊन त्या कार्यालयात जा आणि उत्तर लेखी मागा.