आल्कलिनिटी म्हणजे क्षारता नव्हे

फोंड्याहून एका वाचकाने विचारलंय: "प्रवाळाच्या टाकीची आल्कलिनिटी मोजली, ६ डीकेएच आली. दुकानदार म्हणाला क्षारता वाढवा. आल्कलिनिटीला मराठीत क्षारता बरोबर की अल्कता?"

अल्कता, म्हणजे पाणी किती आम्ल पचवतं त्याचं माप, आणि डीकेएच हे त्याचं एकक. क्षारता नकोच, हा शब्द ऐकून ऐकून कान किटलेत. हिंदीत क्षार म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ आणि मिठाला ते लवण म्हणतात, आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र क्षार म्हणजे मीठ, आणि तो विरुद्धवाला आम्लारी, पाण्यात चांगला विरघळत असेल तर अल्क. आता हिंदी व्हिडिओतला शब्द उचलून मराठीत ओतला की काय होतं? माझ्या ओळखीच्या एका मुलाने "क्षारता कमी" ऐकलं आणि टाकीत मिठागरातलं जाडं मीठ घातलं. ग्रॅव्हिटी (विशिष्ट गुरुत्व, यावरून पाणी किती खारट ते कळतं) १.०२६ हवी ती १.०३१ झाली, प्रवाळ मिटून बसले, दोन शंख मेले आणि आल्कलिनिटी जवळपास होती तिथेच.

आता अल्क. अरबीत 'कला' म्हणजे भाजणं, त्यावरून 'कली' म्हणजे खाऱ्या जमिनीतली झुडपं जाळून उरते ती राख. 'अल्' हे नुसतं आधी लागणारं उपपद. गोव्यात तरी हे 'अल्' ओळखीचं असायला हवं: पोर्तुगीजमधला आल्फायात म्हणजे शिंपी आणि आल्फांदेग म्हणजे कस्टम हाऊस, दोन्ही अरबीतून 'अल्'सकट आलेत. (अलमारीलाही यात ओढणारे भेटतात, साफ चूक, ती लॅटिन आर्मारियमवरून आली.) म्हणजे अल्क या शब्दात उपपद पूर्ण राहिलं आणि राखेचा फक्त क उरला! तरी मला हा शब्द आवडतो, कारण ती राख आपल्याकडे कधीचीच आहे, सज्जीखार तो हाच, खाऱ्या रानातली झुडपं जाळून केलेला, पापडखार म्हणून आपल्या आयांनी उडदाच्या पिठात मळलेला. जवखार म्हणजे जवाची राख. माझं ठाम मत आहे की खार हे नाव मुळात राखेचंच, खारा हे विशेषण मिठाला मागाहून चिकटलं. खार म्हणजे संस्कृतातला क्षारच, आणि सुश्रुत सांगतो, क्षरणामुळे तो क्षार. त्याचे भाष्यकार त्याचा अर्थ सडलेलं मांस झडवतो म्हणून क्षार असा लावतात, मला तो बिलकुल पटत नाही. क्षर् म्हणजे झरणं, पाझरणं, आणि तोच सुश्रुत त्याच अध्यायात राख सहापट पाण्यात कालवून २१ वेळा गाळायला सांगतो, मग झरणं हे राखेच्या पाण्याचं नाही तर कशाचं? कृती समोर असताना मांसापर्यंत जायची गरजच काय.

बरं, तुमचे ६. समुद्राचं पाणी साधारण ७ असतं, प्रवाळाच्या टाकीत ७ ते ११ ठेवतात. प्रवाळ सांगाडा बांधायला कार्बोनेट खातात म्हणून ती उतरते, आणि पावसाळ्यात मिरामारवरून पाणी आणत असाल तर त्यात मांडवीचं गोडं पाणी मिसळलेलं असतं, तिथे मीठही कमी आणि अल्कताही कमी. टेस्टमध्ये आपण ५ मिली पाण्यात थेंब थेंब आम्ल सोडतो, निळं पाणी सहाव्या थेंबाला पिवळं झालं की ६. म्हणजे पाणी किती आम्ल पचवतं ते मोजलं, पीएच नव्हे आणि मीठ तर नव्हेच. डीकेएचमधला के जर्मन कार्बोनाटचा, म्हणजे कार्बोनेटचा आहे, पोटॅशियमचं कालियम 'कली'वरूनच आलं असलं तरी इथे त्याचा संबंध नाही.

१०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा आरओच्या पाण्यात विरघळवून हळूहळू सोडा, साधारण १ डीकेएच वाढेल, दिवसाला तेवढंच पुरे. पीएचही कमी असेल तर तोच सोडा आधी ओव्हनमध्ये १५० डिग्रीला तासभर भाजा, धुण्याचा सोडा होतो, सज्जीखारात मुख्य तोच असतो, आणि भाजणं म्हणजे 'कला', बघा कुठून कुठे आलो! भाजलेला मात्र २ ग्रॅमच घ्या.