सौर-पवन ऊर्जेच्या सरकारी कंपनीत वित्तप्रमुखाचं खरं काम काय?
प्रश्न बेळगावच्या सीएचा आहे, म्हणून थेट सांगतो: नफा-तोटा नंतर, आधी अनुदान सांभाळा. केंद्राच्या प्रत्येक योजनेचा हिशेब वेगळा ठेवा. पडून राहिलेल्या रकमेवरचं व्याज कंपनीचं उत्पन्न धरू नका; सामान्य वित्तीय नियम 2017 प्रमाणे ते केंद्राच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, परत करायचं असतं. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, आर्थिक वर्षअखेरीपासून 12 महिन्यांत द्यायचं. रखडलं, की पुढचा हप्ता अडकतो आणि अथणी-चिकोडीकडे सौरपंप बसवणारा ठेकेदार बिलासाठी दारात बसतो. पंपाचा अनुक्रमांक आणि जागेवरचा फोटो जुळल्याशिवाय मात्र बिल सोडू नका. पुढे कंपनी कायद्याच्या कलम 143(6) खाली कॅगचं (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) पुरवणी लेखापरीक्षण येऊ शकतं, तेव्हा हेच कागद मागतात. आणि हो, कर्नाटकात फायलीवरची टिप्पणी कन्नडात असते. ती स्वतः वाचता यायलाच हवी.