पांढरा डाग आणि कडुनिंबाची चूळ

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीच्या पुढच्या दोन दातांवर हिरडीलगत खडूसारखे डाग आलेत. पूर्वी नव्हते. डेंटिस्ट म्हणतात, किडीची सुरुवात आहे, फ्लोराइडचं वार्निश लावू. पण फ्लोराइड विषारी असतं असं वाचलं आणि मन धजेना. त्याऐवजी कडुनिंब-लवंगेच्या माउथवॉशने रोज चुळा भरल्या तर चालेल का?
– एक आई

उत्तर : ताई, त्या चुळांनी डाग भरून येणार नाही. पण तुम्ही वेळेत विचारलंत. माझ्याकडे बहुतेक जण खड्डा पडल्यावरच येतात.

असा डाग मी आधी हवेच्या फवाऱ्याने सुकवते. ओला असताना जेमतेम दिसणारा डाग चार-पाच सेकंदांत पांढराफटक उठून येतो. वरचा पापुद्रा शाबूत असतो, आतले क्षार मात्र निघून गेलेले असतात. नवशिकी असताना मी टोकदार प्रोब टोचून बघायचे, तसंच शिकवलं होतं. एकदा टोक कच्चकन आत गेलं. तो खड्डा किडीने नाही, मी पाडला! तेव्हापासून टोचणं बंद.

कडुनिंब, लवंग, तुळस यांचे अर्क जंतू कमी करतात, हिरड्यांची सूजही उतरते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चोर पळाला म्हणून त्याने फोडलेली भिंत सांधली जात नाही. गेलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट लाळेतूनच परत यायचं असतं आणि ते दातात बसवायला फ्लोराइड मदत करतं. शिवाय साधं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, साधारण ५.५ पीएचखाली (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त) विरघळू लागतं, फ्लोराइड मुरलेलं साधारण ४.५पर्यंत तग धरतं.

आता विषाचं. फ्लोराइड जास्त प्रमाणात पोटात गेलं तर अपाय होतो, हे खरंच. दातांवर डाग पाडणारा फ्लोरोसिस मात्र दात हाडात घडत असताना, वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड गिळल्याने होतो. तुमच्या लेकीचे पुढचे दात केव्हाच घडून झालेत. वार्निश ब्रशने थेंबभर लावतात, लाळ लागताच ते घट्ट होऊन दाताला चिकटतं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त असेल, तर तेवढं डॉक्टरांना जरूर सांगा.

घरी १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वापरा, आकडा ट्यूबवर छापलेला असतो. हिरडीच्या कडेला ब्रश नीट फिरू दे. रात्री घासल्यावर फेस थुंकायचा, पाण्याने खळखळून धुवायचं नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. वनस्पतींची चूळ हवीच असेल तर दुपारी भरू दे, ब्रशनंतर लगेच नको. बाटलीवर अल्कोहोल आणि साखर आहे का तेही बघा. दात दुखत असेल तर लवंगेवर विसंबू नका. ती बधिर करते, कीड आत चालूच राहते.

एवढं ऐकूनही फ्लोराइड नकोच वाटलं, तर डॉक्टरांशी हायड्रॉक्सिअॅपटाइटच्या पेस्टबद्दल बोला. त्यात निदान दाताला लागणारे क्षार तरी असतात.

डाग पूर्ण पुसला जाईलच असं नाही. तो गुळगुळीत, चकचकीत झाला की कीड थांबली असं आम्ही धरतो. आज दात कापसाने टिपून, खिडकीपाशी उभं करून एक फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी दुसरा.