स्टेशन आलं, पण गाव कुठंय?

प्रश्न: मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनची ट्रेन करायचीय. नकाशात स्टेशनं भरपूर दिसतात, पण मला ज्या उरिके गावात राहायचंय ते रुळांवर कुठेच नाही. शिवाय तेमोरिसला उतरून गावात चालत जाता येईल का? आणि एक्सप्रेस घ्यावी की रिजनल?

उत्तर: उरिके रुळांवर सापडणारच नाही, कारण ते दरीच्या तळाशी नदीकाठी आहे आणि ट्रेन तिथं उतरतच नाही. ही लाईन गावांसाठी टाकलेलीच नव्हती हो, आतला माल पॅसिफिकवरच्या तोपोलोबाम्पो बंदराकडे न्यायचा हा मूळचा विचार एकोणिसाव्या शतकातला, आणि 37 पूल आणि 86 बोगदे करत लाईन पूर्ण व्हायला 1961 उजाडलं. गावं त्याच्या कितीतरी आधीची, कुठं चांदीच्या खाणीपायी वसलेली तर कुठं ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या केंद्रामुळे म्हणजे मिशनमुळे, त्यामुळे स्टेशन एकीकडे आणि गाव भलतीकडे असं इथं सर्रास होतं.

उरिकेसाठी बाहुइचिवोला उतरा. तिथून साधारण 16 किलोमीटरवर सेरोकावी, जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाच्या 1680 मधल्या मिशनचं गाव, आणि त्याच्यापुढे सेरो देल गायेगोच्या कड्यावरून रस्ता वळणं घेत खाली उतरतो. चालत जायचा विचार करू नका, हॉटेलवाल्यांना सांगून गाडी आधीच ठरवा. थंडीत वर डोंगरातल्या क्रील गावी बर्फ पडत असतो आणि खाली उरिकेत आंबे-पपईची झाडं, म्हणून कपडे दोन्ही हवामानांचे घ्या. एक मात्र स्पष्ट सांगते, 2022 च्या जूनमध्ये सेरोकावीच्या चर्चमध्येच दोन जेझुइट पाद्र्यांचा खून झाला होता, या डोंगरांत गुन्हेगारी टोळ्यांचा वावर आहे, तेव्हा निघायच्या आधी तिथल्या लोकांकडून सध्याची परिस्थिती विचारून घ्या आणि अंधारात रस्त्यावर राहू नका.

तेमोरिसचंही तेच, स्टेशन खाली दरीत आणि गाव वर पठारावर, चालत नाही जमणार. पण इथं खिडकी सोडू नका! एकाच डोंगरावर रूळ तीन पातळ्यांवर दिसतात आणि ला पेरा नावाच्या बोगद्यात गाडी आतल्या आत 180 अंशात वळते. लाईनच्या पॅसिफिककडच्या टोकाहून, म्हणजे लोस मोचिसहून, सकाळी निघालात तर हा भाग उजेडात मिळतो, दुसऱ्या टोकाच्या चिवावाहून आलात तर हिवाळ्यात अंधार व्हायची भीती.

ट्रेनचं म्हणाल तर मी रिजनलच घ्या म्हणेन. एक्सप्रेस लोस मोचिस ते क्रील एवढीच जाते आणि मोजक्या ठिकाणी थांबते, रिजनल थेट चिवावापर्यंत जाते आणि छोट्या स्टेशनांवरही थांबते, गावातली माणसं तिनेच ये-जा करतात. फक्त ती रोज नसते, वार बघून बुकिंग करा. आणि लोस मोचिस ज्या राज्यात आहे त्या सिनालोआचं घड्याळ चिवावापेक्षा एक तास मागे आहे, टाइमटेबल वाचताना हे विसरलात तर गाडी चुकेल.

दिविसादेरोला गाडी थोडा वेळ थांबते, रुळांशेजारीच गरम गोर्दितास, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या, मिळतात आणि रारामुरी या इथल्या आदिवासी समाजाच्या बायका पाइनच्या सुईसारख्या पानांच्या विणलेल्या टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. फोटो विचारूनच काढा, नको म्हटलं तर कॅमेरा खाली. टोपली आवडली तर सरळ विकत घ्या, घासाघीस नको, तो त्यांचा रोजगार आहे. दरी नीट बघायची तर एवढ्या वेळात काही होत नाही, शेजारच्या आरेपोनापुचीत मुक्काम करा आणि पुढची गाडी ज्या दिवशी असेल त्या दिवशी निघा.